ट्रंक वहिनीने उचलली होती

दादा,

'प्रिय' लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. तू गेल्यापासून एवढ्या लोकांनी तुला प्रिय म्हटलंय, की माझ्या एकटीच्या प्रियवाचून तुझं काही अडणार नाही.

परवा रोह्याला तुझी शोकसभा झाली. सभागृह भरलं होतं, बाहेर गाड्या लावायला जागा नव्हती. तुला फार आवडलं असतं. स्टेजच्या मागे भिंतभर फ्लेक्स होता आणि त्यावर तुझा तो फोटो. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर पत्र्याची ट्रंक, शेजारी दोन वेण्या घातलेली मी. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बहिणीच्या शिक्षणाचं ओझं वाहणारा भाऊ'. ओझं! मी ओझं होते होय रे?

एकामागून एक माणसं उठत होती आणि तीच गोष्ट सांगत होती. निडी गावातली पोर रोह्याच्या पुढे शिकायला जात नव्हती त्या काळात भाऊसाहेबांनी म्हणे सख्ख्या बहिणीची ट्रंक खांद्यावर घेतली, आणि तिला पुण्याच्या हॉस्टेलात नेऊन सोडलं. एकाने तर डोळे पुसले. तो तेव्हा जन्मला तरी होता का?

माझ्या शेजारी वहिनी बसली होती. डोक्यावर पदर, नजर फ्लेक्सवर. मी हळूच विचारलं, "वहिनी, उठून खरं सांगू?"

"सांग की. मी कुठं नको म्हणते?"

म्हणून मी उठले. "त्या दिवशी दादा पेणलाच उतरला," एवढंच बोलले असेन, तोवर सूत्रसंचालकाने माझ्या हातातला माईक काढून घेतला आणि सभेला सांगितलं की ताईंना दुःख अनावर झालंय. दोन कार्यकर्त्यांनी मला धरून खुर्चीत बसवलं. तिसऱ्याने पाणी आणलं. पेणच्या शाळेत मी जन्मभर शिकवलं, पण माझं वाक्य मध्येच तोडायची कुठल्या वर्गाची हिंमत झाली नव्हती. तुझ्या माणसांची झाली.

तेव्हा आता तुलाच लिहिते. तू मध्ये बोलू शकत नाहीस, एवढी एक सोय तुझ्या जाण्याने झाली आहे.

मी बारावी झाले तेव्हा तुला माझ्या पुढच्या शिक्षणाचं काही पडलेलं नव्हतं, हे आठवतं का? पुण्याच्या कॉलेजात नाव लागलं, हॉस्टेलात जागा मिळाली, आणि तू रोज "बघू" म्हणत राहिलास. मग तुझ्या पुढाऱ्याने कुठल्याशा सभेत मुलींना शिकवा असं भाषण ठोकलं. त्याच रात्री तू घरी येऊन म्हणालास, "सुलूला मी स्वतः सोडणार." आईला केवढा आनंद झाला होता!

निघालो तेव्हा आपण तिघं होतो. तू, मी आणि वहिनी. वहिनी फक्त पेणपर्यंतच येणार होती. तिचं माहेर पेणच्या खाडीकडलं, मिठागरातलं. तिच्या आईला भेटून ती संध्याकाळी निडीला परतणार होती. तुमचा छोटा प्रकाश आपल्या आईपाशी ठेवलेला.

पेणच्या स्टँडवर तुझी टोळी उभीच होती. तुझा पुढारी त्या बाजूने जाणार होता म्हणे. "तुम्ही बसा, मी आलोच," म्हणून तू गेलास. आम्ही ट्रंकेवर बसून राहिलो. पुण्याची गाडी लागली, माणसं चढली. वहिनीने मला तुला बोलवायला पिटाळलं. मी धावत रस्त्यावर आले तर तू जीपच्या पायरीवर उभा होतास, गळ्यात हार. तू मला पाहिलंस. अगदी नक्की पाहिलंस. आणि मला हात हलवलास. गर्दीला हलवतात तसा.

दादा, त्या क्षणी मी तुला जे ओळखलं, त्यात पुढे कधी बदल करावा लागला नाही.

मी परत आले, वहिनीला सांगितलं. कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. वहिनीने काही विचार केला का, मला माहीत नाही. तिने कासोटा खोचला, ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि गाडीच्या मागच्या शिडीवरून टपावर चढवली. मला म्हणाली, "चल गो. ते येतील त्यांच्या गाडीनं." आणि आत येऊन माझ्या शेजारी बसली. पेणच्या पलीकडे ती तोवर कधी गेली नव्हती. खोपोलीचा घाट लागला तशी तिला उलट्या सुरू झाल्या. खिडकीबाहेर डोकं काढायची, तोंड पुसायची आणि मलाच विचारायची, "तुला बरं वाटतंय ना?"

हॉस्टेलवर पोरीला सोडायला जाणं म्हणजे काय असतं, हे तुला ठाऊक नव्हतं. सांगते.

फाटकापाशी रिक्षांची आणि टांग्यांची दाटी होती. गाद्यांच्या वळकट्या, बादल्या, लोणच्याच्या बरण्या, पापडांचे डबे. एका मुलीबरोबर सगळं खटलं आलं होतं, आत्या, मावशी, दोन काका आणि रडणारी आजी. वडीलमंडळी खिडक्यांचे गज हलवून पाहत होती, जणू पोरीला नाही, बँकेतल्या तिजोरीला तिथे ठेवायचं होतं. आया कॉटवर हात फिरवून ढेकूण शोधत होत्या. जो तो सूचना करत होता. मुली खाली मान घालून मोठी माणसं कधी जातात याची वाट बघत होत्या. मी हसत होते त्यांना, पण खरं सांगू? प्रत्येक मुलीच्या मागे कुणी ना कुणी पुरुष उभा होता आणि त्या जोरावर ती आत जात होती, हे मला लवकरच कळलं.

कारण रेक्टरबाईंनी विचारलं, "वडील कुठे आहेत?"

वडील नाहीत, मी म्हटलं. भाऊ?

भाऊ मागून येतोय.

मग भाऊ आला की या, म्हणाल्या. घरच्या पुरुष माणसाशिवाय मुलगी आत घेता येत नाही, नियम आहे.

आम्ही व्हरांड्यात ट्रंकेवर बसलो. दुपार गेली. फाटकातून आलेले काका आणि मामा जेवून, ढेकर देऊन परत गेले. मला तर वाटायला लागलं होतं की आता उठावं आणि घरी जावं. तेवढ्यात कुणा मुलीचे वडील कनवाळूपणे पुढे आले. म्हणाले, मी सांगतो की मी हिचा काका आहे, काम होऊन जाईल. वहिनीने त्यांना नमस्कार केला आणि सांगितलं, "तिला काका नाय. मी हाय."

हे रेक्टरबाईंनी दारातून ऐकलं. त्यांनी वहिनीला आत बोलावलं. तुम्ही कोण, म्हणून विचारलं. वहिनी म्हणाली, भावजय. बाई म्हणाल्या, तुम्ही इथे आहात हे तुमच्या यजमानांना माहीत आहे का?

"त्यांना माहीत नाय मी कुठं हाय," वहिनी म्हणाली, "पण ते कुठं हायत ते मला माहीत हाय."

बाईंच्या ओठांवर हसू आलेलं मी पाहिलं. त्यांनी पेणला ट्रंककॉल लावला. नंबर मला पाठ होता, स्टँडसमोरच्या सोड्याच्या दुकानाचा, जिथे तुझी बैठक असायची. किती वेळाने लागला! पलीकडे लाउडस्पीकर एवढा कर्कश चालू होता की तो आम्हालाही ऐकू येत होता. बाईंनी नाव सांगून विचारलं, बहिणीसाठी कधी येता? कुणीतरी तुला विचारायला गेला. तू काही फोनवर आला नाहीस. तोच परत आला आणि त्याने तुझा निरोप सांगितला. बाईंनी फोन ठेवला. मग आम्हाला सांगितलं, "ते म्हणतायत, अडचण असेल तर मुलीला परत पाठवा. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी बघू! दादा, तुझ्यासाठी ती एका संध्याकाळची गैरसोय होती. माझं अख्खं आयुष्य त्या वाक्यात बुडणार होतं. पुढच्या वर्षी तू मला कुठे दिलं असतंस, ते मला माहीत आहे. स्थळ आलेलंच होतं.

वहिनी उभी होती. घाटातल्या उलट्यांनी चेहरा उतरलेला, लुगड्याला प्रवासाची धूळ. तिने आवाज चढवला नाही. "त्यांनी पाठवा म्हटलं तरी मी हिला नेणार नाय," म्हणाली. "तुम्ही आत घेतलं नाय तर हितं व्हरांड्यात ठेवून जाते. उन्हापावसात ती तुमच्या दारात बसंल. मग तुम्हीच बघा."

रेक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि शिपाईणीला हाक मारून माझी खोली दाखवायला सांगितली.

निघताना वहिनी इतरांच्या आयांसारखी रडली नाही. सूचना केल्या नाहीत. कॉटवर चादर घालून दिली, पाणी कुठे भरतात ते बघून आली, म्हणाली, "जेव वेळेवर." आणि गेली.

त्या बिचारीचं पुढे काय झालं, ते मला आईकडून कळलं. पेणला पोचेपर्यंत निडीकडची शेवटची गाडी गेली होती. सकाळी घरी पोचली तेव्हा अख्ख्या आळीसमोर अंगणात तू तिला विचारलंस की नवऱ्याला न विचारता बाई रात्र कुठे काढते. तू! ज्याने तिला स्टँडवर सोडली होती! त्या वर्षी गौरीला तू तिला माहेरी जाऊ दिलं नाहीस. मिठागरातल्या माणसांना रीतभात नसते, हेही वर ऐकवलंस.

आणि पुढच्या रविवारी तू हॉस्टेलवर आलास. फोटोग्राफर घेऊन. तुझ्या पुढाऱ्याने विचारलं होतं ना, बहिणीला सोडलंत का म्हणून? त्याचं उत्तर तयार करायला आला होतास. तू माझी ट्रंक खाली मागवलीस. खांद्यावर घ्यायला गेलास तर उचलेना. मग मला सगळं बाहेर काढायला लावलंस, कपडे, पुस्तकं, तांदूळ. फाटकाजवळच्या दगडी कठड्यावर माझ्या परकरांची रास पडली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्या मुली बघत होत्या. रिकामी ट्रंक खांद्यावर घेऊन तू कॅमेऱ्याकडे पाहिलंस. मला म्हणालास, "जरा हस."

मी हसलेली नाही. फ्लेक्सवर नीट बघितलं असतं तर कुणालाही दिसलं असतं.

तो फोटो तू घराच्या पुढच्या खोलीत लावलास. प्रत्येक पाहुण्याला, प्रत्येक निवडणुकीत, माझ्या लग्नातसुद्धा त्याची गोष्ट सांगितलीस. मी तुझ्या तोंडावर कितीदा म्हटलं, दादा, तू नव्हतास तिथे. तू हसायचास आणि लोकांना सांगायचास, "लहान होती, तिला काय आठवतंय?" हळूहळू तुझाच त्यावर विश्वास बसला. शेवटी शेवटी तर तू घाटात तुला झालेल्या उलट्यांबद्दलही सांगायला लागलास. वहिनीच्या उलट्यासुद्धा तू चोरल्यास रे. चहाचा ट्रे घेऊन ती तिथेच उभी असायची.

तुझा तिटकारा मला एका कारणामुळे पुरता करता येत नाही, तेही लिहून टाकते.

मी पाच-सहा वर्षांची असेन. नागोठण्याला मावशीकडे आपण दोघं होतो आणि अंबा नदीचं पाणी रात्रीतून गावात शिरलं. सकाळी मावशीच्या ओटीवर पाणी आलं तेव्हा मोठी माणसं सामान वाचवत होती. तू मला पाठीवर घेतलंस आणि छातीएवढ्या पाण्यातून देवळाच्या चढापर्यंत नेलंस. तू रडत होतास. आवाज येत नव्हता, पण तुझी पाठ हलत होती. तू चौदा-पंधरा वर्षांचा होतास, तुला नीट पोहता येत नव्हतं. चढावर मला उतरवून तू मागे वळलास आणि ओकलास.

ही गोष्ट तू कधी कुणाला सांगितली नाहीस. का? त्यात तू घाबरलेला होतास म्हणून? मी घरी सांगायला गेले तर डोळे वटारलेस. अरे, तुझ्याकडे सांगण्यासारखं एक खरं होतं. ते दडपलंस आणि रिकामी ट्रंक जन्मभर मिरवलीस. परवा मला बोलू दिलं असतं तर शेवटी मी हेच सांगणार होते.

असो. आता घरचं थोडं.

प्रकाशची श्रावणी नाशिकला इंजिनीअरिंगला चालली आहे. येत्या सोमवारी हॉस्टेलवर जायचं. प्रकाशचा बेत होता दोन गाड्या काढायच्या, तुझी माणसं न्यायची, तुझ्या नावाने तिथे फोटोबिटो घ्यायचा. रक्तच ते. काल जेवताना वहिनी म्हणाली, "तिला मी नेते. सुलू येल माझ्यासंगं." प्रकाश म्हणाला, आई, तुला प्रवास झेपणार नाही. तिने त्याला आमटी वाढली. श्रावणी मात्र लगेच आजीची पिशवी भरायला बसली.

हात धुताना मागच्या दारी वहिनी मला म्हणाली, "पोरीला सोडली का मी परत निडीला येणार नाय. तुझ्याकडं पेणला राह्यले तर चालंल?"

मी म्हटलं, चालेल काय विचारतेस? पण एकदम असं का?

"काय नाय गो. तो एक दिवस सोडला तर सगळ्या गोष्टी तुझ्या दादाला विचारून केल्या. ते नको म्हणायचे, मग मी गप बसायचे. आता विचारायला कोण नाय."

तेव्हा दादा, तुला शब्द देते. सोमवारी श्रावणीला आम्ही दोघी नेऊ. वहिनीला घाटात खिडकीपाशी बसवीन. येताना पेणला माझ्या दारात गाडी थांबेल आणि तुझी बायको तिच्या पिशव्यांसह उतरेल. माझ्याकडची पूर्वेची खोली तिला देणार आहे. तिथून खाडीकडचा वारा येतो, तिच्या माहेरचा. यंदा गौरीला ती माहेरी जाईल, आणि हवे तितके दिवस राहील.

यातलं काहीही तुला विचारत नाही. कळवते आहे.

तुझी बहीण,
सुलभा