चावली म्हणजे चावलीच!

३ फेब्रुवारी

चावली! माझ्या तिसरीच्या पोरांच्या डोक्यात एवढंच राहिलं. आयडा वेल्स, दीडशे वर्षांपूर्वी आमच्याच मेम्फिसात राहिलेली काळी पत्रकार — सगळं तळमळीनं सांगितलं. पहिल्या वर्गाचं तिकीट हातात, तरी कंडक्टर म्हणे काळ्या बाईनं पुढच्या, धूम्रपानाच्या डब्यात जायचं. ओढायला लागला, तशी ती त्याच्या हाताला कडकडून चावली.

केशॉनचा हात वर. "बाई, रक्त आलं का?"

धन्य!

४ फेब्रुवारी

केशॉनच्या आईचा फोन. "मिस अर्लीन, काल हा भावाला चावला! का, तर त्यानं ह्याच्या ताटातला मासा उचलला. वर मलाच सांगतो, मम्मा, हा हक्काचा प्रश्न आहे!"

मी गंभीर आवाजात "हो का?" म्हटलं. कॉफी नाकातून आली.

५ फेब्रुवारी

आज स्पष्टच सांगितलं — चावणं एक दिवसाचं होतं, लिहिणं जन्माचं. तिच्या मित्रांना गोऱ्यांच्या जमावानं ठार मारलं. तिनं ते छापलं. मग असल्या कितीतरी खुनांचा छडा लावला, नावांनिशी छापलं. ती गावाला गेली असताना लोकांनी तिचा छापखाना फोडला. परत आलीस तर जीव घेऊ म्हणाले.



"मग तिनं लिहिणं सोडलं?" टालीयानं विचारलं. ही पोरगी एरवी तोंड उघडत नाही.

"छे! दुसऱ्या शहरातून लिहिलं."

"मग आपणपण पेपर काढू या."

७ फेब्रुवारी

काढला! संपादक कोण यावरून मारामारी, म्हणून सगळेच संपादक. केशॉननं झाडूवाल्या रफिनकाकांची मुलाखत घेतली: "तुमचे दात खरे आहेत का?" काका खूश. "समोरचे माझे, बाकीचे विकतचे. छाप!"

टालीयाची बातमी वेगळी. शाळेतल्या पिण्याच्या नळांना ऑगस्टात शाळा उघडल्यापासून काळ्या पिशव्या का बांधल्यात? तिनं स्वयंपाकघरात विचारलं, रफिनकाकांना विचारलं, रुळांपलीकडच्या श्रीमंत वस्तीतल्या शाळेत जाणाऱ्या मावसबहिणीला विचारलं. तिकडे गार पाणी येतं. आपल्याकडे बाटली घरून आणायची.

मी शुद्धलेखनसुद्धा तपासलं नाही. जसंच्या तसं भिंतीवर.

१० फेब्रुवारी

दुपारी मुख्याध्यापक हॉलोवेलसरांनी स्वतःच्या हातानं पेपर भिंतीवरून फाडून काढला. मला बोलावलं.

"हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"मुलांच्या." मग धीर करून म्हटलं, "आणि माझ्या."

"तुमचं कंत्राट मे महिन्यात संपतं ना, मिस अर्लीन?"

बस्स, एवढंच. घरी आले, काही खाववेना.

११ फेब्रुवारी

मला वाटलं, पोरं रडतील. कसलं काय! केशॉन बाकावर चढून नाचला — "आपला पेपर फाडला! म्हणजे आपण खरे पत्रकार!"

टालीया मात्र विचारात. "बाई, आपण सरांना विचारलंच नाही. दोन्ही बाजू ऐकायच्या असं तुम्हीच म्हणालात."

"राहू दे आता, टालीया."

ती वही-पेन्सिल घेऊन तिथंच उभी. कंत्राट, घरभाडं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग म्हटलं, "जा. पेन्सिलीला टोक काढून जा!"

१२ फेब्रुवारी

टालीया आणि केशॉन शाळा सुटल्यावर सरांच्या दारासमोर बाकावर बसून. "सर कामात आहेत," कारकूनबाई म्हणाल्या. "आम्ही थांबतो," टालीया म्हणाली. सर समोरून गेले, आले, मान वर नाही. शेवटी मीच दोघांना घरी नेलं.

केशॉन वाटेत कुजबुजला, "बाई, उद्या चावू का?"

१३ फेब्रुवारी

सर स्वतः वर्गात आले. मुलांच्या खुर्चीवर बसले, गुडघे हनुवटीला. टालीयाला म्हणाले, "लिही. पाण्यात शिसं आहे, विषच ते. ऑगस्टपासून मी शाळाखात्याच्या वरच्या कचेरीला नळ बदला म्हणतोय. ते म्हणतात, गप्प बसा. आणि खाली माझं नाव घाल, बाळ. पूर्ण. सायलस हॉलोवेल."