आहुप्याला जाणारी पिकअप

ओतूर,
दि. ५ नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांस,
यशोधराचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही इकडे सगळे ठीक. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई तुम्हाला ओट्याखाली उतरू देत नाही असं कळलं. ते बरंच आहे. फोन करत नाही म्हणून रागावू नका. तुम्हाला ऐकू येत नाही, मग मी ओरडते, आणि इथे शेजारच्यांना वाटतं की बापलेकीचं जुंपलंय. कानाचं मशीन तुम्ही कपाटात ठेवणार असाल, तर मी पत्रच लिहिणार.

बातमी अशी की भात भरडायची गिरणी तयार झाली. तुमच्या जावयांनी आपल्या वेल्डिंगच्या दुकानात दोन चाकांची ट्रॉली बांधली आणि तिच्यावर गिरणी आणि तिचं डिझेल इंजिन बसवलं. रंग अजून ओला आहे, तरी ओतूरचे लोक येऊन बघून जातात. तुम्हाला मागे सांगितलं होतं ना, आहुप्याच्या बायकांना भाताची पोती एसटीत घालून थेट घोडेगावला न्यावी लागतात? सगळा दिवस मोडतो. तिथल्या बचत गटाच्या रत्नाताईंना मी शब्द दिलाय की भात खाली आणू नका, गिरणीच वर घेऊन येते.

पण ज्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉली ओढायचं कबूल केलं होतं, तो आहुप्याचा रस्ता बघून आला आणि नको म्हणाला. बायकांनी भात झोडून वाळवून ठेवलंय. तेव्हा आता आपलीच पिकअप घ्यायची असं ठरवलंय. नवी आवाक्यात नाही, जुनी बघायची. रुपेशदादानं चाकणच्या बाजूला एका यार्डात एक हेरून ठेवलीय. रविवारी जाऊन बघते. तुमचं मत कळवा.

आईला जयभीम सांगा. आमच्यावर आहे ती माया कमी होऊ देऊ नका.

आपली,
यशोधरा


लोणी,
दि. ८ नोव्हेंबर २०२४

चि. यशोधरा हिस,
आप्पाचे अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. तुझी आई माझ्यावर पहारा देते, एसटी डेपोत साहेबानं दिला नाय एवढा. रुपेश दिवाळीला आला व्हता, त्यानं त्या पिकअपचे फोटो मोबाईलवर दाखवले. गाडी लई देखणी हाय. फार फिरलेली पण नाय म्हणतो. पोरगं एवढं हिंडून बघतंय बहिणीसाठी, तर त्याचं ऐकावं असं माझं मत.

पण एक ध्यानात ठेव. ट्रॉली ओढणं ही मोठी गोष्ट नाय. ओढतं कुणीबी. भरल्या ट्रॉलीसकट उतारावर थांबणं, ही गोष्ट. मागचं वजन गाडीला पुढं ढकलत असतं. म्हणून दिसण्यापेक्षा क्लच, ब्रेक आणि चासी बघ. मी आलो असतो, पण तुला ठाऊकच हाय.

दुसरं, जरा कडू लिहितो. तू शाळेची व्हॅन इतकी वर्षं चालवलीस, एका पोराला खरचटलं नाय, हे मी चारचौघांत सांगतो. पण ती ओतूरची सपाटी. मागं ट्रॉली लावून घाट म्हंजे वेगळं काम. त्याला एखादा मुरलेला ड्रायव्हर लाव. बाई म्हणून म्हणत नाय, बाप म्हणून म्हणतो.

धम्मपालला सांग, ट्रॉली चांगली बांधली असणारच, पण तिला तिचा स्वतःचा ब्रेक पायजे. तुझी आई शेंगदाण्याची चटणी पाठवते आहे. सांभाळून राहा आणि म्हाताऱ्याची आठवण ठेव.

तुझा,
आप्पा


ओतूर,
दि. १९ नोव्हेंबर २०२४

ती. आप्पांस,
सविनय जयभीम. वि. वि.

चटणी मिळाली आणि संपली. दादाचा फोन तुमच्याकडे आधी आलाच असेल, आणि यशोधरा हट्टी आहे हेही कळलं असेल. आता माझी बाजू ऐका.

चाकणची गाडी खरंच देखणी होती. सीटचं कव्हर नवं, टायर काळेभोर. पण आम्ही पोचलो तेव्हा मी आधी बॉनेटवर हात ठेवला, तर ते गरम. आम्ही येणार म्हणून त्यांनी ती आधीच चालू करून ठेवली होती. मी म्हटलं, गार झाल्यावर चालू होते का ते बघू. दादानं कपाळाला आठ्या घातल्या. तेवढ्या वेळात मी ओढणी बांधून गाडीखाली शिरले. मागे जिथे हूक बसवायचा, नेमकी तिथेच चासीला ताजा काळा रंग. नखानं खरवडला, तर खाली वेल्डिंगची लांब शिवण. चासी तुटून जोडलेली होती. यार्डाचा माणूस म्हणाला की ताई, रस्त्यावर चासी कोण बघतंय? मी म्हटलं, घाट बघतो. दादाला सगळ्यांदेखत ओशाळल्यासारखं झालं. परतताना तो बोललाच नाही. मला वाईट वाटलं आप्पा, पण ती गाडी मी घेणार नव्हते.

मग इथेच ओतूरच्या शिवारात सावळेराम म्हणून एक कांदेवाले शेतकरी आहेत, त्यांची पिकअप विकायची आहे असं कळलं. अगदी सकाळी, न कळवता गेले. गाडीचं एक दार निळं आणि बाकी अंग पांढरं. बॉनेटला पोचा. पण थंडीत गारठलेली असूनही पहिल्या चावीला चालू झाली. ऑइलचं झाकण काढून बघितलं, आतून धूर नाही. हँडब्रेक ओढून वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला, तर इंजिन जागच्या जागी बंद पडलं. म्हणजे क्लच घसरत नाही. खाली गंज होता, पण रंग लावून लपवलेला नव्हता.

अडचण सावळेरामकाकांचीच निघाली. ते म्हणाले की गाडी मी लेकरासारखी वापरलीय, घाटात बाईच्या हातात द्यायला जीव होत नाही. मी म्हटलं, मग परीक्षा घ्या. त्यांनी आपली ट्रॉली मागे जोडली आणि सांगितलं की ती उलटी घेऊन कांदे साठवायच्या बराखीच्या तोंडाशी लावून दाखव. दोन्ही बाजूंना भिंती, आणि बघायला अख्खी आळी जमलेली. ट्रॉली मागे घ्यायची म्हणजे स्टेअरिंग उलटं फिरवायचं, हे तुम्हाला सांगायला नको. मी लावली. काका घरात गेले आणि चावीबरोबर पेढे घेऊन आले.

तेव्हा गाडी दारात उभी आहे आणि ड्रायव्हर मी लावणार नाही. तुम्ही रुसलात तर रुसवा काढायला येईन, याच गाडीनं.

आईला आणि तुम्हाला जयभीम. राग आला तरी लोभ सोडू नका.

तुमची हट्टी,
यशोधरा


लोणी,
दि. २३ नोव्हेंबर २०२४

चि. यशोधरा हिस,
आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

रुसलो व्हतो. तुझ्या आईनं पत्र दोनदा वाचून घेतलं आणि बेडवरच्या उशा झटकत म्हणाली, रुसा किती रुसायचं ते, पोरीनं गाडी बरोबर निवडलीय. मग एकटाच रुसून काय करणार?

चासीचं तू ओळखलंस, हे मी रुपेशला फोनवर सांगितलं. तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाय, पण लई वेळ बोलला. त्याचं मन राख. वाईट हेतू नव्हता त्याचा.

आता ऐक. ट्रॉलीतलं वजन चाकांच्या थोडं पुढं असू दे. मागं गेलं तर ट्रॉली शेपटीसारखी हलती आणि गाडीला सोबत नेती. हुकाला वरून साखळी लाव. उतरताना चढायचाच गिअर ठेव, ब्रेकवर पाय ठेवून बसू नको, तापतात. धम्मपालनं ट्रॉलीला ब्रेक बसवला का ते लिही. न बसवता गेलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाय, आणि पत्र पण नाय.

भीती वाटती, ते खरं सांगतो. वर पोचलीस की लगेच कळव.

काळजीत असलेला,
आप्पा


ओतूर,
दि. १० डिसेंबर २०२४

ती. आप्पांस,
सविनय जयभीम. वि. वि.

जाऊन आले. सुखरूप आहे. ब्रेक बसवला होता, साखळी लावली होती, वजन पुढे होतं. आता बोला माझ्याशी.

मंचर, घोडेगाव करत डिंभ्याला पोचले आणि तिथून पुढे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं वर. गाडीनं कुठेही दम टाकला नाही, पाणी उकळलं नाही. आहुप्यात शिरले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका पोती घेऊन बसलेल्या. रत्नाताईंच्या सासूबाई कोंडाबाई आहेत, खूप वयस्कर. पहिलं पोतं त्यांचं. भरडलेला तांदूळ त्यांनी ओंजळीत घेतला, हुंगला आणि म्हणाल्या की पयल्यांदा गिरण माझ्या दारी आली. मग त्यांनीच माझ्यासाठी तो तांदूळ रांधला. नाचणीची भाकर आणि वरून हा भात, पोट फुटेपर्यंत.

दोन दिवस भरडत होतो. भात अजून शिल्लक आहे, दर पंधरवड्याला जायचं ठरलंय. येताना घाटात एसटी समोर आली, थोडं मागे घ्यावं लागलं. बाकी विशेष काही नाही.

दादा अजून अबोल आहे. तुमची पाठीवरची थाप आली असं समजून पत्र पुरं करते.

आपली,
यशोधरा


आहुपे,
दि. १४ डिसेंबर २०२४

आदरणीय आप्पा यांस,
रत्नाचा नमस्कार व जयभीम.

तुम्ही मला ओळखत नाही. मी आहुप्याच्या बचत गटाची. यशोताईंनी सांगितलं होतं की आप्पांना फोन नको, पत्र लिहा. तसाही आमच्याकडं फोन लागत नाही. गावातल्या बाया म्हणाल्या की त्यांच्या आईवडलांना आपल्या नावानं दोन शब्द लिही. म्हणून लिहिते. चुकभूल पोटात घाला.

तांदूळ झाला ते ताईंनी कळवलंच असेल. पण घाटातलं त्यांनी कळवलं असेल असं वाटत नाही, म्हणून मी सांगते. परतताना मी त्यांच्या शेजारी बसले होते, घोडेगावला काम होतं. एका अरुंद वळणावर खालून एसटी आली, माणसांनी भरलेली. तिच्या मागं दरी, तिला मागं जाता येईना. मग मागं जायचं ते आम्हालाच, तेही चढाला, ट्रॉलीसकट. एसटीचे ड्रायव्हर खाली उतरले आणि म्हणाले, ताई तुम्ही उतरा, मी घेतो. यशोताई म्हणाल्या की भाऊ, तुमचे उपकार, पण गाडी माझीये, मीच घेते.

त्यांनी मला उतरवलं आणि दरीच्या बाजूला उभं केलं. चाक कडेजवळ आलं की हात वर करायचा. एकदा ट्रॉली वाकडी झाली, मी हात वर केला. सगळे प्रवासी खाली उतरून बघत होते. ताईंनी गाडी जरा पुढं घेतली, सरळ केली आणि पुन्हा मागं. गाडी एकदाबी बंद पडली नाही, घसरली नाही. वळणाच्या वर रुंद जागेत नेऊन उभी केली तेव्हा माणसांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनं विचारलं की ताई, हे कुणी शिकवलं? त्या म्हणाल्या, आमच्या आप्पांनी.

आमच्या सासूबाई म्हणतात की ज्यांनी असली लेक वाढवली त्या माणसांना एकदा घरी जेवू घालायचंय. गुडघा बरा झाला की आईंना घेऊन या. तुमची माया आमच्या डोंगरापर्यंत पोचू द्या.

तुमची,
रत्ना


लोणी,
दि. २० जानेवारी २०२५

चि. यशोधरा हिस,
आप्पाचे आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

आमी आहुप्याहून घरी नीट पोचलो. गुडघा थोडा ठणकला, तुझ्या आईनं तेल लावलं. आहुप्याचा तांदूळ तिनं अर्ध्या गल्लीत वाटला आणि प्रत्येक घरी तुझी गोष्ट सांगितली. दर घराला चढ थोडा वाढत गेला.

तिकडं सगळ्यांसमोर बोलता आलं नाय, ते आता लिहितो. रत्नाचं पत्र आलं त्या दिवशी मी ते उशाशी ठेवलं व्हतं. त्यात लिहिलेलं, तू एसटीवाल्याला सांगितलंस की हे आप्पांनी शिकवलं. पोरी, मी तुला जीपवर क्लच आणि गिअर शिकवले. ट्रॉली मागं घ्यायला मी कधीच शिकवलं नाय. मी विचारात पडलो, तर तुझी आई हसली. मी ड्युटीवर असताना तू मामाचा ट्रॅक्टर घेऊन उसाच्या बेण्याची ट्रॉली बांधावरून मागं-पुढं करायचीस, आणि ही उभी राहून बघायची, हे मला आत्ता कळलं. तेव्हा ते श्रेय माझं नाय. तुझं हाय, आणि थोडं तुझ्या आईचं. तरी तू माझं नाव घेतलंस. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

रुपेश आपल्याबरोबर तिकडं आला, ते चांगलं झालं. त्यानं हुकाला ग्रीस भरलं आणि गावातल्या पोरांना सांगत व्हता की ही गाडी माझ्या बहिणीनं पारखून घेतली. मी ऐकलं नाय, पण तुझ्या आईनं ऐकलं आणि मला खूण केली.

कोंडाबाईंनी मला पाटावर बसवलं आणि आग्रह करकरून वाढलं. डेपोतून रिटायर झालो तेव्हा हार घातले व्हते, पण त्या दिवशी एवढी छाती भरली नव्हती.

आता शेवटचं. एवढी वर्षं गाड्यांत गेली, पण दुसऱ्याच्या हातात स्टेअरिंग असताना मला कधी डोळा मिटता आला नाय. एसटीत बसलो तरी माझा पाय ब्रेक दाबत असायचा. तुझ्या आईला विचार. त्या दिवशी जेवून आपण निघालो, मागं ट्रॉली, पुढं सगळा उतार. पहिल्या वळणाला तू गिअर खाली घेतलास, तेवढं मला आठवतं. त्यानंतर रुपेशनं खांदा हलवला तेव्हा डिंभ्याचं धरण मागं गेलं व्हतं. मी तुला म्हणालो की जरा विचार करत डोळे मिटले व्हते. तसं नव्हतं. मी गाढ झोपलो व्हतो.

तुझाच,
आप्पा