साक्षीदाराची ओळ

दालात, व्हिएतनाम, १२ नोव्हेंबर

प्रिय ग्रेटाताई,
सा. न. वि. वि.

माझ्या त्रामनं पेनाला टोपण परत लावलं, त्या क्षणी माझं सगळं फिसकटलं. ऑक्टोबरातला दुसरा रविवार, तिच्या आईचं सोयादुधाचं दुकान. मतपत्रिकेच्या पाकिटावर साक्षीदाराची सही लागते, ती तिनं करावी म्हणून मी मोठ्या ऐटीत कागद पसरले. त्यांत मी मतपत्रिका मागवली होती त्या अर्जाची प्रतही होती. तिनं ती वाचली. ‘मायदेशी परतण्याचा इरादा आहे’ या चौकटीत माझी खूण. आणि वर्षभर मी तिला सांगतोय की आता दालात हेच माझं घर.

ती शांतपणे म्हणाली, सरकारला एक सांगतोस, मला दुसरंच. यातलं खरं कुठलं तेच ठाऊक नाही, मग साक्ष कशाची देऊ? मी भडकलो. म्हणालो, राहू दे, तुझ्यावाचून माझा देश अडलेला नाही. तसंच पाकीट चिकटवलं नि टपालात टाकलं. घरमालकानंही सही केली असती गं. पण माझं डोकं ठिकाणावर राहणारं असतं तर कॉलेज तरी अर्ध्यात कशाला सोडलं असतं?

देशाच्या निवडणुकीचा निकाल इथं बुधवारी दुपारी कळला. माझा माणूस हरला. पण शिकवणीच्या वर्गात पोरांपुढं उभा असताना डोक्यात घोळत होता तो आपल्या गावचा मतदानाचा हॉल. इथंही पाइनची झाडं आहेत. संध्याकाळी वास सुटला की आपल्या गोठ्यामागचं रान आठवतं आणि जेवण जात नाही. बाबांनी माझं नाव वाचलं का, तेवढं कळव.

चिडलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा, ॲन्सेल


हॉलम, विस्कॉन्सिन, २७ नोव्हेंबर

चि. ॲन्सेल,
अ. आ.

वाचलं. बाबा बावीस वर्षं मतदानाचे प्रमुख, पण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. टपालानं आलेली पाकिटं दुपारी उघडायला घेतली. प्रत्येकाचं नाव-पत्ता मोठ्यानं वाचायचा, तो शिरस्ता तुला माहीतच आहे. तुझं त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. ॲन्सेल टॉरसन, दगडी पुलाचा रस्ता, असं इतक्या खणखणीत आवाजात वाचलं की कॉफी ओतणाऱ्या बायका थांबल्या. मग त्यांची नजर साक्षीदाराच्या कोऱ्या ओळीवर गेली.

हॉबर्टकाका म्हणाले, लोवेल, घरचंच पोर आहे, तूच कर सही, कोण बघतंय? बाबा म्हणाले, मी बघतोय की. आणि स्वतःच्या हातानं ‘रद्द’ लिहिलं.

घरी येताना गाडीत म्हणाले, त्याचं मत विरुद्ध बाजूचं, माझ्या मताला मारायलाच येत होतं. मारू द्यायला हवं होतं. आणि पुलापाशी आल्यावर हळूच विचारलं, सही करायला एक माणूसही नाही का गं त्याला तिथं? तेव्हापासून तेच विचारतात. मी काय सांगू?

आधी त्या मुलीची माफी माग, गाढवा. पत्र धाडत राहा, मग आमचा लोभ आहेच.
ग्रेटा


दालात, १५ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न.

सही करायला माणूस होतं, बाबा. मीच तिला पेनाला टोपण लावायला लावलं. आता दुकानात गेलो की तिची आई न विचारता पेला पुढं ठेवते, आणि त्राम उठून आत जाते.

पुढच्या वर्षीचा अर्ज आलाय. तीच चौकट पुन्हा समोर. गेल्या वेळी मी विचार न करता खूण केली; तुमच्या तोंडून नाव ऐकलं जावं, इतकीच हौस होती. या वेळी ‘परतण्याची खात्री नाही’ यावर केलीय. अशानं गावची मतपत्रिका मिळेलच असं नाही म्हणतात. मग एप्रिलमध्ये गावच्या निवडणुकीला हॉलात माझं नाव वाचलं जाणार नाही. तुम्हाला लागेल, मलाही लागतंय. पण कोऱ्याला कोरं म्हणायचं, हे तुमच्याकडूनच शिकलो.

हा अर्ज आधी तिला दाखवणार आहे. तिनं बघितला नाही तरी टपालात टाकीन. भांडणापायी आणखी एक पाकीट बिघडवायचं नाही.

तुमच्या मताला मारायला जमलं नाही, तेवढं पोटात घाला. माया आहे तशी राहू द्या.

दुकान आठला बंद होतं. निघतो. दार ओढून घेतोय.

आपला, ॲन्सेल