त्याला नाही म्हणा

बाबा,

तुमचा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. माझ्या बसची वेळ झाली.

आईचं रेकॉर्ड केलेलं गाणं लावलं की कॉम्प्युटर बंद पडायचा, कारण अपडेटबरोबर आलेला आवाजाचा नवा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्राम, त्या जुन्या मशीनला झेपत नव्हता. तो काढून पूर्वीचाच टाकलाय. आता गाणं शेवटपर्यंत वाजतं. ती मधेच थांबून मला 'माउस सोड गं' म्हणून दटावते, तेही येतं. मी दोनदा ऐकलं.

'अपडेट करू का' असं स्क्रीनवर आलं की तुम्ही भिडेखातर हो म्हणता. त्याला खुशाल नाही म्हणा.

मी फोनवर 'येऊ का' विचारते, तेव्हा मात्र 'कशाला उगाच धावपळ' म्हणता. तो होकार माझ्यासाठी ठेवा.

धाकटी