दहा सेकंदांत नऊ ठोके

२ मार्च १९८६, सकाळ
आजपासून रोजनिशी नियमित. सत्यशीलाआक्काची रेडिओवर लोकगीताची परीक्षा २४ तारखेला. पास झाली तर गाणं चालू, नाहीतर उन्हाळ्यात लग्न. आईनं स्पष्टच सांगितलंय. दत्तरावमामांनी सरावाला दिलेली जुनी पेटी बेसूर. मामा गायन पार्टी घेऊन सोनपेठकडं. म्हणजे जबाबदारी माझी. पियानो सुरात लावायला शिकलेला अख्ख्या झरी गावात मी एकटा. सिकंदराबादला दीड महिना होतो. (पियानोच्या दुकानात नऊ दिवस. बाकी शहर बघितलं, तेही शिक्षणच.)

३ मार्च
पद्धत सोपी. सा आणि प सोबत दाबायचे. आवाज वँव-वँव हलतो. एक हेलकावा म्हणजे एक ठोका. दुकानातले मास्तर पंचम मुद्दाम किंचित ढळता ठेवायचे, दहा सेकंदांत नऊ ठोके. मग त्या प ला सा धरून पुढचा प. असे बाराही सूर एकमेकांत बसतात. कान लागतच नाही, मोजता आलं पाहिजे. गणितात दोनदा नापास झालो, पण नऊपर्यंत कधी अडचण आली नव्हती.

६ मार्च
दोन दिवस काम नाही. पोखर्णीला जाणारा ट्रॅक्टर रिकामा होता, जाऊन आलो.

७ मार्च
रंगनाथ गुरुजींचं घड्याळ आणलं. पेटी उघडली. आतल्या सूर देणाऱ्या पट्ट्यांत काळी दोनची सगळ्यात चकचकीत, तिथूनच सुरुवात. पितळी पट्टी टोकाला खरवडली की सूर चढतो, बुडाला खरवडली की उतरतो. बुडाशी चाकू नीट पोचत नाही. म्हणून सगळ्या टोकालाच. चढवा नाहीतर उतरवा, ठोके नऊच येतात. उगीच कष्ट कशाला?

११ मार्च
अकरा जोड्या झाल्या. प्रत्येकी नऊ! शेवटची तेवढी, काळी चार आणि काळी दोन, कुत्र्यासारखी गुरगुरते. मोजण्यापलीकडं. असो. अकरा विरुद्ध एक.

१२ मार्च
आक्का नेमकी काळी चारमध्येच गाते, म्हणजे तिचा सा काळी चार आणि प काळी दोन. हे मला आधी सांगायला नको? म्हणाली, पंड्या, माजा प कुठं नेऊन ठिवलास रं, गळा बसंना तिथं. समजावलं की पेटी मोजलेली आहे, गळा मोजलेला नाही. तुझाच पंचम चढतो. तिनं पुन्हा सा धरला. सिकंदराबादचं वजन पडतं.

१८ मार्च
आक्का रोज दोन तास बसते. परवा रडली. आज म्हणाली, आता जमायलंय बग. मेहनत कुणाची? परीक्षेनंतर परभणीत दुकान टाकावं. पाटीचा रंग निळा.

२३ मार्च, दुपार
मामा आले. पेटीवर दोन बोटं ठेवली आणि तशीच राहू दिली. म्हणाले, ठोके मोजलास भाच्या, पर सूर चढलाय का उतरलाय ते कशानं मोजलास? पंचम किंचित उतरवायचा असतो म्हणे. मास्तरांनी हे शिकवलं त्या दिवशी मी सर्कशीला गेलो असणार. मामा म्हणाले, तू सगळे चढवत गेलास, चढवत चढवत हिचा सा आभाळात आन् प हाय तिथंच. पोरीला खड्ड्यात उभी करून तिची उंची मोजायलास व्हय रं?
आक्काला त्यांनी स्वतःच्या सुरेल नव्या पेटीवर बसवलं. प आला की ती खालीच घसरते. अकरा दिवस मीच शिकवलंय.
अजून संध्याकाळ आहे. एका संध्याकाळीत खूप होतं.

२४ मार्च
रेडिओ केंद्रावर आक्का आत गेली. दार बंद. बाहेर काही ऐकू येत नाही. पट्टी बुडाला खरवडली असती तर...
परत येताना मामा एसटीत पुढं जाऊन बसले. आक्का म्हणाली, सकाळपासून उपाशी हाइस, भजे घे. घेतले.

९ एप्रिल
पत्र आलं. आवाज चांगला, पंचम उतरतो, पुन्हा वर्षानं. आईनं पाहुण्यांना होकार कळवला. तारीख १८ मे. आक्कानं पत्राची घडी घालून फळीवर ठेवली. मला चहा दिला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ एप्रिल
आक्का भाकरी थापताना गुणगुणत होती. पंचम उतरला. घड्याळ नव्हतं, पेटी नव्हती. न मोजता कळलं.