तुमच्या गॅरेजात माझा आवाज

अण्णा, तुमच्या गॅरेजात आता गाडी नाही. आमचे मालक गेल्यावर मी सासरहून या घरी राहायला आले, पुढचं शटर काढून तिथे भिंत घातली आणि गाणं रेकॉर्ड करायची खोली केली. तुम्ही असता तर म्हणाला असतात, "सुम्ने कशाला हे सगळं?" 'उगाच' म्हणायचं झालं की तुमच्या तोंडी कानडीच शब्द यायचा.

पहिल्यांदा तिथे गायले तेव्हा एकेक सूर भिंतींवर आपटून परत येत होता. हेब्बाळची एक मुलगी अशा खोल्या नीट करून देते. ती आली, मधोमध उभी राहून तिने टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकत राहिली. मग कानडीत म्हणाली, "अक्का, आवाज बाहेर जायला नको, की आत घुमायला नको? दोन्ही कामं वेगळी." मी म्हटलं, "बाहेर गेला तर जाऊ दे. आत घुमायला नको." तुमच्या घरात मी खिडक्या लावून रियाज केला, अण्णा. गल्लीत आवाज गेला तर लोक काय म्हणतील, हे तुम्ही ऐकवायचात. माझा आवाज कुठवर जावा, हे मला विचारलं ते या परक्या मुलीनेच.

तिने लाकडी चौकटींत रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकरीचे, जाड थर भरले, वर कापड ताणलं आणि त्या भिंतींवर, छताला लावल्या. कोपऱ्यांत आणखी जाड. खर्जाचे सूर तिथे साचतात म्हणे. ती ठोकत होती आणि मी दारात उभी होते, गाडीत बसायला उभी राहायचे तिथेच.

लग्नाआधी एकदा रेडिओवर आवाजाच्या चाचणीला बोलावणं आलं होतं. तुम्ही चक्क हसून म्हणाला होतात, "मीच सोडतो तुला." मी गरम पाणी पिऊन, नवी साडी नेसून पुढे बसले. मागे आई, मांडीवर फळांची पिशवी. रेडिओवाल्यांना फळं कशाला, हे मला सुचलंसुद्धा नाही. गाडी रेडिओ स्टेशनकडे वळत नाही. मी म्हणते, "अण्णा, रस्ता चुकला." तुम्ही समोर बघत म्हणता, "चुकला नाही." आई मांडीवरची पिशवी सावरते.

टी. नरसीपूरला एका घरी ओसरीवर माणसं वाट बघत होती. केसरीभात, म्हणजे आपला शिरा, आला, आणि तुम्हीच म्हणालात, "आमची गाते छान. म्हण गं एक." चाचणीसाठी बसवलेलं मी त्यांच्यापुढे म्हटलं. पसंत पडले. त्या घरात पुढे माझं गाणं झालं ते पाहुणे आले की, खाणं आटोपल्यावर.

त्या दिवसाबद्दल तुम्ही कधी अवाक्षर काढलं नाहीत. शेवटच्या आजारात मी तुमच्या उशाशी वाट बघत बसले. तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "गाडीची बॅटरी उतरली नाही ना?"

काल खोलीचं काम पुरं झालं. दार लावून एक भजन रेकॉर्ड केलं आणि ऐकलं. घुमणाऱ्या भिंती बरंच सांभाळून घेतात; आता सांभाळून घ्यायला कुणी नाही. वरचा सा लागत नाही, अण्णा. आवाज जवळ जातो, थरथरतो आणि खाली बसतो. त्या मुलीने फोनवर विचारलं तेव्हा "छान आलंय" म्हटलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच खरं लिहिलं.