अळीचं रक्त आणि एक्क्याण्णव टक्के

३ मार्च. सकाळी ११.
उठलो. भावजी कुरकुरत होते. ताईने त्यांना सांगितलं की तो पडल्यापडल्या विचार करत असतो. माझ्या बहिणीइतकं विज्ञान या घरात कुणालाच कळत नाही.
पीएचडीचं नववं वर्ष. गाईड मॅडमची नोटीस आलीय: ३१ तारखेपर्यंत एक धड रिझल्ट, नाहीतर रजिस्ट्रेशन रद्द. अठ्ठावीस दिवस म्हणजे चिक्कार वेळ. संकल्प: रोज सकाळी सातला उठणे.

४ मार्च. सकाळी १०.४०.
गजर वाजला होता म्हणे.

६ मार्च.
भाचीला विषय समजावला. मी पीएचडीला लागलो तेव्हा ती पहिलीत होती, आता नववीत आहे. अळीच्या रक्तात एक हॉर्मोन असतं. ते आहे तोवर अळी अळीच राहते, खाते आणि लोळते. ते संपलं की कोष, मग पतंग. पण हे हॉर्मोन एकटं सोडलं तर रक्तात टिकत नाही. एक प्रथिन त्याला पोटाशी धरून सांभाळत नेतं. ते किती घट्ट धरतं, हे मला मोजायचंय.
भाची आईकडे बघून म्हणाली की असं प्रथिन आपल्या घरातही आहे. पोरीला आवड आहे, समज बेताची.

११ मार्च.
अळीने शेवटची कात टाकली की दुसऱ्याच दिवशी रक्त काढावं लागतं. मी चौथ्या दिवशी पोचलो. अळ्यांना फार घाई. आता पुढची बॅच.

१९ मार्च.
रक्त काढलं. चाळीस अळ्या, एकेकीचा हिरवट थेंब. पाठीचा काटा ढिला झाला.
काचसामान धुणाऱ्या मावशींनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या की तुमच्या हॉर्मोनच्या नळ्या कितीही घासल्या तरी आतून ओशट लागतात, काहीतरी काचेला धरून बसतं. मी साबण वाढवायला सांगितला. ज्याने त्याने आपापलं काम करावं.

२४ मार्च. दुपारी १.
आज प्रयोग. नळीत रक्त आणि हॉर्मोन घालायचं, मोकळं हॉर्मोन धुऊन टाकायचं. उरेल ते प्रथिनाने धरलेलं. नियमाप्रमाणे एक नळी रक्ताऐवजी नुसत्या पाण्याची लावतात. मी नाही लावली. पाण्यात प्रथिन नसतं हे शेंबड्या पोरालाही कळतं. हातच्या काकणाला आरसा कशाला? शिवाय जेवायची वेळ झाली होती.
दुपारी ४.
एक्क्याण्णव टक्के. पुन्हा वाचलं. एक्क्याण्णव. जगात एवढं कुणालाच आलं नसणार. तपासलेलं नाही, पण जाणवतं.

२५ मार्च.
मॅडमना मेल केला. ‘धड’ शब्द खोडून ‘ऐतिहासिक’ घातला. ताईला सांगितलं, तर तिला रडू फुटलं. मी काय करतो हे लोकांना सांगताना इतकी वर्षं तिच्या नाकी नऊ आले होते. भावजींनी स्वतः माझ्यासाठी चहा केला. रात्री नोकरीच्या अटी ठरवल्या. केबिनला खिडकी हवी.

२८ मार्च.
मॅडमनी एकच विचारलं: पाण्याची नळी कुठाय? मी तात्त्विक उत्तर दिलं. त्यांनी न ऐकता मावशींकडून नळी मागवली, पाणी आणि हॉर्मोन घातलं, धुतलं, मोजलं.
नव्वद टक्के.
प्रथिनाने काही धरलंच नव्हतं. हॉर्मोन काचेला चिकटत होतं. मावशी दारातून म्हणाल्या की मी सांगितलं होतं यांना. मॅडमनी विचारलं, कधी? मावशींनी तारखेसकट सांगितलं. एवढी स्मरणशक्ती बरी नव्हे.

३१ मार्च.
रजिस्ट्रेशन रद्द. काचेला चिकटणाऱ्या हॉर्मोनवर मॅडम छोटा पेपर लिहितायत. आभार मावशींचे. टेबल आवरताना अळ्यांचा डबा उघडला. सगळ्यांचे कोष झालेत. एकही माझ्यासाठी थांबली नाही.
घरी फक्त ताईला सांगितलं. संध्याकाळी खोलीतून ऐकलं, भावजी तिला विचारत होते की त्या रिझल्टचं पुढे काय झालं. मी ताईच्या नेहमीच्या उत्तराची वाट पाहिली. ती म्हणाली की त्यालाच विचारा.
फार एकटं वाटलं.

१ एप्रिल. सकाळी ७.
गजराच्या पहिल्या ठोक्याला उठलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा.
जायचं कुठेच नाही.